ज्वालामुखीवरून थेट रुळांवर

ऑक्सफर्ड रॅगवर्ट हे नाव अस्सल इंग्रजी. फूल मात्र सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आलं आणि शतक संपायच्या आत भिंत ओलांडून गावभर झालं.

१८४४ मध्ये तिथे रेल्वे आली. रुळांखालची खडी, इंजिनांची जळकी राख. रोपांना जणू माहेरचीच जमीन!

वनस्पतितज्ज्ञ जॉर्ज ड्रूस यांनी याच्या तरंगत्या बियांच्या 'म्हाताऱ्या' ऑक्सफर्डजवळ डब्यात शिरून टाइलहर्स्टला बाहेर पडताना पाहिल्या. तिकीट अर्थातच नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेल्या इमारतींचे ढिगारेही या पिवळ्या फुलांनी व्यापले. यॉर्क स्थानकालगतच्या वाहनतळावर तर १९७९ मध्ये याच्या संकरातून उपजलेली नवी जात सापडली. तणनाशकांच्या फवारणीने ती काही वर्षांतच दिसेनाशी झाली. जपलेल्या बियांतून २०२३ मध्ये ती यॉर्कमध्ये पुन्हा रुजवण्यात आली.