शिकविणाऱ्याची उमेदवारी

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील लवळे हे आता विद्यापीठांचे गाव झाले आहे. सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन्ही विद्यापीठे येथेच आहेत. अशा ठिकाणी मुलांना व्यवस्थापन शिकण्यास पाठविताना व्यापारी कुटुंबे शुल्क, वसतिगृह व नोकरीच्या संधी यांची बारकाईने चौकशी करतात. शिकविणाऱ्याला शिकविण्याचे शिक्षण मिळाले आहे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न अप्रस्तुत नाही. शालेय शिक्षकाला डी.एड. किंवा बी.एड. लागते. विद्यापीठात सहायक प्राध्यापक होण्यास मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट अथवा पीएच.डी. पुरते. नेटच्या 300 गुणांपैकी 100 गुणांच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनक्षमतेवरही प्रश्न असतात. परंतु अचूक पर्याय निवडल्याने वर्गासमोर उभे राहण्याचा सराव होत नाही.

ही उणीव शासनाच्या ध्यानी आली नाही, असे नव्हे. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापक-प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. तीच केंद्रे 2023 पासून मालवीय मिशनखाली चालतात. 2019 मध्ये आयोगाने ‘गुरु-दक्षता’ या नावाने नवनियुक्तांसाठी एक महिन्याच्या प्रशिक्षणाचा आराखडाही प्रसिद्ध केला.

खरी मेख कालक्रमात आहे. 2018च्या नियमावलीत 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग ही पहिल्या पदोन्नतीची अट आहे, आणि ती पदोन्नती पात्रतेनुसार 4 ते 6 वर्षांनी मिळते. म्हणजे ही अट वेतनश्रेणीसाठी आहे. वर्गात पाऊल टाकण्यासाठी नव्हे. तोवर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अनेक तुकड्या शिकून बाहेर पडलेल्या असतात.

पेढीवर घरच्या मुलालाही पहिल्याच दिवशी गादीवर बसवीत नाहीत. तो आधी माल ओळखतो, गिऱ्हाइकाशी बोलणे ऐकतो, वही लिहितो. मगच तिजोरीची किल्ली हाती येते. विद्वत्ता हे भांडवल खरे, पण भांडवल असून व्यवहार न जमल्यास पेढी चालत नाही. येथे तर उमेदवारीतील चुकांचा तोटा शिकणाऱ्याच्या खाती पडतो.

म्हणून प्रवेश घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. नव्या अध्यापकास वर्गावर पाठविण्यापूर्वी काय शिकविले जाते? आणि पहिल्या वर्षी त्याचा तास कोणी ज्येष्ठ अध्यापक मागे बसून ऐकतो काय?