बारा खुर्च्यांचं हॉटेल

दोस्तांनो, "आज हॉटेलात जेवायला जायचं!" असं कोणी म्हटलं की घरात काय गडबड उडते! कोणी चपला शोधतं, कोणी आधीच जाहीर करून टाकतं, "मी कारल्याची भाजी खाणार नाही हं!"

आज आपण जरा लांबच्या हॉटेलात जाऊ. वाशीमहून निघायचं, समुद्र ओलांडायचे आणि थेट क्यूबा या बेटावर, हवाना शहरात उतरायचं. तिकिटाची काळजी नको. हा अंक हातात आहे ना? झालं तर मग!

हवानात एका प्रकारचं हॉटेल असं असतं की बाहेरून ते हॉटेल वाटतच नाही. जिना चढून वर जायचं, तर समोर कुणाच्या तरी घराची बैठकीची खोली! तिथेच टेबलं मांडलेली. स्वयंपाकघरात घरातलीच माणसं रांधतात, घरातलीच वाढतात. शेजारीपाजारी, पाहुणे, सगळ्यांच्या गप्पा एकमेकांत मिसळतात. अशा घरगुती हॉटेलला तिथे म्हणतात 'पालादार'.

ताटात काय आलं?

घाबरू नका, ओळखीचंच आहे! पांढरा भात आणि काळ्या घेवड्याची दाट उसळ. म्हणजे आपला वरणभातच की, फक्त रंग वेगळा. हे दोन्ही एकत्र शिजवले की त्या भाताला म्हणतात 'मोरोस इ क्रिस्तियानोस'. कच्च्या केळ्याचे जाड काप तळायचे, दाबून चपटे करायचे आणि पुन्हा तळायचे, हे झाले 'तोस्तोनेस'. एका मांसाच्या पदार्थाचं नाव तर ऐका, 'रोपा व्हिएहा', म्हणजे जुने कपडे! मांस शिजवून त्याचे धागे धागे सोडवतात ना, म्हणून.

आणि हे उकडलेलं कंद कसलं? लसूण आणि आंबट रस घातलेलं? त्याचं नाव 'युका'. आपल्याकडे बाजारात मिळणारा साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून करतात. तुमच्या आजीची एकादशी आणि क्यूबातलं जेवण, दोन्ही एकाच कंदावर!

आणखी एक गंमत. आपण वऱ्हाडात आलू म्हणतो, पण पुण्या-मुंबईकडे म्हणतात बटाटा. हा 'बटाटा' शब्द मूळचा क्यूबा आणि आसपासच्या बेटांवर राहणाऱ्या तैनो लोकांचा. त्यांच्या भाषेत तो रताळ्यासाठी होता. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांच्या तोंडून फिरत फिरत तो मराठीत आला आणि रताळ्याऐवजी आलूला चिकटला.

घरात हॉटेल का काढलं?

हौस म्हणून? नाही. पोटासाठी.

क्यूबात साखर खूप होते. ती विकत घेणारा मोठा गिऱ्हाईक होता सोव्हिएत युनियन. १९९१ साली तो देशच फुटला आणि क्यूबावर संकट कोसळलं. पेट्रोल मिळेना, बस बंद पडल्या, अन्नाचा तुटवडा झाला. तोवर तिथली हॉटेलं सरकारची होती. लोकांना स्वतःचे छोटे धंदे करायला १९९३ मध्ये परवानगी मिळाली. घरगुती हॉटेलांच्या बाबतीत मात्र सरकारचं कधी हो, कधी नाही असं चाललं होतं. शेवटी १९९५ मध्ये नियम ठरला : हॉटेल चालवा, पण खुर्च्या फक्त १२! काम करणारी माणसंही घरचीच हवीत. पुढे २०११ मध्ये ही मर्यादा ५० खुर्च्यांवर गेली.

आणि नाव? ते आलं टीव्हीवरून! तेव्हा क्यूबात 'व्हाले तुदो' ही ब्राझीलची मालिका घरोघरी पाहत असत. तिची नायिका समुद्रकिनाऱ्यावर खाऊ विकता विकता मोठा धंदा उभा करते. तिच्या धंद्याचं नाव होतं पालादार. पालादार म्हणजे टाळू, म्हणजेच चव. लोकांनी तेच नाव आपल्या हॉटेलांना देऊन टाकलं.

आपल्या अन्नपूर्णा

तुम्ही म्हणाल, "यात नवीन काय? ही तर खाणावळ!" शाब्बास, बरोबर ओळखलंत.

मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार गावाकडे घरदार ठेवून एकटे राहत. त्यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या छोट्याशा खोलीत बायका खाणावळ चालवत. पहाटेपासून चूल पेटलेली. पण दुकानदाराची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतच कमाई जाई. बँक त्यांना दारात उभं करत नसे, कारण तारण ठेवायला त्यांच्याकडे होतं काय?

प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणलं आणि १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू झालं. एकटीला कर्ज मिळत नाही ना? मग गट करा, एकमेकींची हमी घ्या! अशी त्यांना बँकेची दारं उघडली. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, पण मंडळाचं काम चालू राहिलं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

तुमच्या गल्लीतलं गणित

आता परत वाशीमला या. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या खेड्यांतून शिकायला आलेले ताई-दादा खोली करून राहतात आणि कुठेतरी 'मेस लावतात'. जवळपास 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी दिसते का पाहा. तेच आपलं पालादार!

वही काढा. समजा एका मावशींकडे २० मुलं दोन वेळा जेवतात. महिन्याची ३० दिवसांची ताटं किती? १२००! प्रत्येक ताटात ३ पोळ्या धरल्या, तर मावशी महिन्याला ३६०० पोळ्या लाटतात. मोजताना आपलीच बोटं दुखली ना?

तांदूळ, तुरीची डाळ, तेल, गॅस, सगळ्याचा खर्च मावशी लिहून ठेवतात. मग त्यांना एक प्रश्न अदबीने विचारा : "मावशी, यात तुमची स्वतःची मजुरी किती धरली?" बहुतेक त्या हसतील आणि म्हणतील, "अरे, माझी कसली मजुरी!"

दोस्तांनो, इथेच गणित चुकतं. हिशोबात घरच्या बाईचे कष्ट शून्य धरले, तर नफा खोटाच दिसणार. आई-बाबा, हे गणित तुम्हीही मुलांसोबत करून पाहा. घरातल्या स्वयंपाकाचंही!

आणि पुढच्या वेळी बाहेर जेवायला गेलात की ताटात काही टाकू नका, आणि निघताना वाढणाऱ्याला सांगा, "जेवण छान झालं." एवढ्या एका वाक्याला पैसे पडत नाहीत, पण ते ऐकायला पहाटेपासून चुलीशी उभं असलेलं माणूस आत थांबलेलं असतं.