अतिकालीन गर्भ : प्रसवप्रवर्तनाचा शास्त्रविचार आणि डहाणू-तलासरीतील व्यवहार

डहाणूच्या महालक्ष्मीची आख्यायिका या भागातील वैद्यवर्गास परिचित आहेच. मुसळ्या डोंगरावर दर्शनास निघालेली एक गरोदर भक्त स्त्री चढावर मूर्च्छित पडली. तिचे कष्ट पाहून देवी स्वतःच पायथ्याशी विवळवेढे येथे येऊन राहिली, असे सांगतात. या देवीची चैत्र पौर्णिमेपासून भरणारी यात्रा सुमारे पंधरा दिवस चालते. डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरच्या अनेक स्त्रिया आजही आपली शेवटची पाळी ‘यात्रेच्या वेळी’, ‘वाघबारशीला’ किंवा ‘आवणीच्या आधी’ अशा शब्दांत सांगतात. यात्रेच्या पहिल्या दिवशी की शेवटच्या, एवढ्या एका प्रश्नात दोन आठवड्यांचे अंतर पडते. आणि ४० व ४२ आठवडे यांतील अंतरही तेवढेच आहे.

‘दिवस उलटले, कळा येत नाहीत, काही औषध द्या’ ही मागणी आपणा सर्वांकडे येते. औषधी दुकानातही ती येते. अशा वेळी वैद्याने काय करावे व काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रसवकालाची मर्यादा

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात आठवा मास संपून एक दिवस जरी लोटला तरी प्रसवकाल सुरू झाला असे मानले असून, दहाव्या मासापर्यंत तो सांगितला आहे. त्यापुढे गर्भाचे कुक्षीत राहणे त्यांनी वैकारिक मानले. सुश्रुताचार्य नवव्यापासून बाराव्या मासापर्यंतचा काल देतात. वाग्भटाचार्य वर्षानंतर वायूने रोखलेला गर्भ विकारकारी मानतात. मर्यादा भिन्न असल्या तरी तिघांचे एका गोष्टीवर ऐकमत्य आहे : गर्भाच्या कुक्षीवासाला सीमा आहे, आणि ती ओलांडणे म्हणजे विकृती.

येथे मासगणनेचा घोळ लक्षात घ्यावा. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. गर्भधारणेपासून नऊ चांद्रमास म्हणजे सुमारे २६६ दिवस. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर २८०. म्हणजे ग्रंथोक्त नऊ मास पूर्ण होणे आणि आजचे ४० आठवडे भरणे यांत मुळीच विरोध नाही. परंतु दहावा मास संपेपर्यंत थांबावे असा अर्थ कोणी घेतला, तर पाळीपासून ४४ आठवडे होतात. आजच्या ज्ञानानुसार एवढे थांबणे सर्वथा अयोग्य होय.

आधुनिक गणनेत ४२ आठवडे, म्हणजे २९४ दिवस पूर्ण झाले की गर्भ अतिकालीन समजतात. मात्र धोका त्यापूर्वीच वाढू लागतो. अपरेचे कार्य मंदावते, गर्भोदक घटते, गर्भ पोटातच मलविसर्जन करतो व ते त्याच्या फुप्फुसांत जाऊ शकते. क्वचित गर्भ पोटात दगावतो. स्वीडनमध्ये झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४१ आठवड्यांस प्रसव प्रवर्तित करणे व ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहणे यांची तुलना होती. वाट पाहिलेल्या गटात सहा बालके दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस अशी की, ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या स्त्रीमध्ये प्रसव प्रवर्तित करावा. त्यापूर्वी, अन्य कारण नसता, करू नये.

या शिफारशीतील ‘निश्चितपणे’ हा शब्द आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे.

दिवस खरोखर उलटले आहेत काय ?

काही वर्षांपूर्वी पौषात, तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरून एक सासू आपल्या सुनेस आमच्याकडे घेऊन आली. कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते. सून बाळंतपणासाठी परतली होती. ‘यात्रेत पाळी आली होती, आता दिवस उलटले,’ असे सासूचे म्हणणे, आणि कळा आणणाऱ्या काढ्याची मागणी. आम्ही माता-बाल कार्ड मागितले. त्यात अकराव्या आठवड्याची सोनोग्राफी नोंदलेली होती. त्या हिशोबाने त्या दिवशी ३८ आठवडे व ४ दिवस भरत होते. आम्ही काढा दिला नाही, हिशोब समजावून सांगितला. दहा दिवसांनी ती शासकीय रुग्णालयात सुखरूप प्रसूत झाली. काढा दिला असता व कळा आल्या असत्या, तर त्याचे श्रेय आम्ही घेतले असते. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे निघाले असते, तर दोष कुणाचा?

पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने दिवसांचा अंदाज साधारण आठवड्याच्या आत बरोबर येतो. शेवटच्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून गर्भिणी प्रथम आपल्या दारी येते तेव्हाच पाळीची तारीख, सण-यात्रेचा संदर्भ दिनदर्शिकेवर ताडून, लिहून ठेवावी व तिला लवकर सोनोग्राफीस पाठवावे. नवव्या महिन्यातील अर्धी चिंता दुसऱ्या महिन्यातील या एका नोंदीने मिटते.

खरे प्रवर्तन : मासानुमासिक परिचर्या

गर्भनिष्क्रमण हे अपानवायूचे कर्म. अपान स्वमार्गाने वाहावा यासाठी आचार्यांनी शेवटच्या क्षणी बलप्रयोग सांगितलेला नाही. तयारी सांगितली आहे. आठव्या महिन्यात दुधात शिजविलेली यवागू घृतासह. नवव्यात मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व त्याच तैलाचा योनिपिचू, हा चरकोक्त क्रम. सुश्रुताचार्य आठव्या महिन्यात साचलेल्या पुरीषाची शुद्धी व वातानुलोमन यांसाठी आस्थापन व नंतर अनुवासन सांगतात. कटी, पृष्ठ व श्रोणी स्निग्ध व मृदू व्हाव्यात, हाच यामागील हेतू.

आमच्या व्यवहारात ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर, प्रसूतितज्ज्ञांची तपासणी झालेली असता, ६० मिली पर्यंतचा मात्राबस्ती आम्ही देतो. रक्तस्राव, पाणी जाणे, अपरा खाली असणे, पूर्वीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब किंवा गर्भाची स्थिती विषम असल्यास देत नाही. पिचू निर्जंतुक असावा, आणि पाणी गेल्यावर कदापि ठेवू नये. याने कळा ‘आणता’ येतात असा दावा आम्ही करीत नाही. मलबद्धता जाते, कटिशूल कमी होतो, स्त्री निश्चिंत होते, एवढे मात्र वारंवार पाहिले आहे.

मुसळाचा वाद

दिवस गेलेल्या बाईस भात कांडावयास लावण्याची रूढी जुनी आहे. सुश्रुताचार्यांनी कालातीत गर्भासाठी धान्यासह उखळात मुसळाने कांडणे व विषम वाहनाने प्रवास यांचा उल्लेख केलेला आहे. चरकाचार्यांनी मात्र आसन्नप्रसवेस मुसळ देण्याचे मत नोंदवून ते खोडून काढले. प्रसवकाली सर्व धातू व दोष क्षुब्ध असतात. श्रमाने प्रेरित वायू संधी साधून प्राण हरतो, असा त्यांचा युक्तिवाद. त्याऐवजी जांभई देणे व हलके फिरणे त्यांनी सांगितले. कळ नसता जोर करू नये, हेही त्यांनीच बजावले आहे. आमच्या मते या भागातील रक्ताल्पता असलेल्या, शेतावर व भट्टीवर आधीच राबलेल्या स्त्रीसाठी चरकमतच ग्राह्य होय.

घरगुती उपाय व औषधी दुकान

एरंडेल प्रसवासाठी मागितले जाते. त्यातील एक घटक आतडे व गर्भाशय या दोहोंस उत्तेजित करतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत २०१२ साली दाखविले गेले. परंतु मळमळ व अतिसार यांखेरीज हमखास फळ सिद्ध झालेले नाही, आणि गर्भिणीस तीक्ष्ण शोधन निषिद्ध आहे. शेवटच्या आठवड्यांत खजूर खाल्ल्याने लाभ होतो असे काही लहान अभ्यास सांगतात; आहार म्हणून, मधुमेह नसल्यास, तो द्यावा. पपई, अननस यांबद्दल भरवशाचा पुरावा नाही.

कळलावीबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागते, कारण तिच्या नावातच कळ आहे आणि पावसाळ्यात ती आपल्या रानात सहज मिळते. लांगली चरकोक्त आघ्राण-चूर्णात आहे. तिच्या कंदाचा लेपही परंपरेत आहे. पण कंदातील कोल्चिसिन हे विष आहे : वांती, अतिसार, पुढे अस्थिमज्जेचा ऱ्हास व मृत्यू. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात लांगलीचा समावेश आहे. दुकानदार बंधूंनी हा कंद वा चूर्ण प्रसवासाठी कुणाही नातेवाइकाच्या हाती देऊ नये. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या व ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन यांबाबत तर शंकाच नको. रुग्णालयाबाहेर त्यांचा वापर म्हणजे गर्भाशय फाटण्यास निमंत्रण.

आमची एक चूक

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत एका प्रथमगर्भिणीस ४१ आठवडे व ३ दिवस झाले होते. तारीख निश्चित होती. ‘बाळ थोडे कमी फिरते,’ असे ती बोलता बोलता म्हणाली. आम्ही मात्राबस्ती देऊन तिसऱ्या दिवशी बोलाविले. दुसऱ्या रात्रीच हिरवट पाणी गेले. शस्त्रक्रिया झाली, बाळ काही दिवस अतिदक्षता कक्षात राहिले व वाचले. बस्ती चुकीचा नव्हता. तो देऊन स्वस्थ बसणे चुकीचे होते. तेव्हापासून आम्ही पुढील क्रम पाळतो :

१) ४० आठवडे पूर्ण होताच प्रसूतितज्ज्ञांकडे तपासणी.
२) रोज गर्भाची हालचाल मोजणे, स्त्री कुशीवर निजली असता दोन तासांत दहा हालचाली न जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय.
३) ४१ आठवड्यांस निरपवाद पाठवणी, सोबत लेखी चिठ्ठी.
४) पाणी जाणे, रक्तस्राव, डोकेदुखी, सूज वा रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क.

चरकाचार्यांनी नवव्या महिन्यापूर्वीच सूतिकागार सिद्ध करावयास सांगितले आहे. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठीची माहेरघर योजना हे त्याचेच आजचे रूप म्हणावे लागेल. दूरच्या पाड्यावरील स्त्रीस, विशेषतः पावसाळ्यात, तिथीच्या आधीच तेथे अथवा डहाणू, कासा वा तलासरी येथील शासकीय रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहावयास सुचवावे. पाड्यावरील सुईण व आशा कार्यकर्ती यांना आपल्या या कामात सहभागी करून घ्यावे. त्यांचा शब्द घरात चालतो.

वैद्याचे यश कळा आणण्यात नाही. योग्य वेळी, योग्य ठिकाणी, सुखप्रसव होण्यात आहे. वैद्यबंधु-भगिनींनी या विषयातील आपले अनुभव, विशेषतः फसलेले अनुभव, अवश्य लिहून पाठवावेत, ही विनंती.