फोन आपला, किल्ली दुसऱ्याची

पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची झाली, हा बाजारातला जुना न्याय आहे. पितळेचे पातेले, शिवणयंत्र, सायकल या वस्तूंना तो तंतोतंत लागू पडतो. सायकलची साखळी निसटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन ती बसवून घेता येते. त्यासाठी कारखानदाराच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. स्मार्टफोन मात्र या न्यायात पुरता बसत नाही. त्याची काच, बॅटरी व बाहेरचे कवच आपले होते. पण यंत्राने काय करावे व कसे करावे हे सांगणाऱ्या आज्ञांचा जो संच आत असतो, ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, त्याची किल्ली दुसऱ्यांच्याच हाती राहते. या संचात वेळोवेळी दुरुस्त्या कराव्या लागतात. त्या दुरुस्त्या म्हणजेच अपडेट. हे अपडेट वेळेवर का येत नाही आणि आले नाही तर ग्राहकाने कोणाला जाब विचारावा, याविषयी येथे थोडा विचार करण्याचा आमचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे एवढे प्रश्न असताना हा विषय हवाच कशाला? आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या येरवड्याचेच पाहा. एकीकडे कॉमरझोनसारख्या संकुलांतून हजारो माणसे संगणकावर काम करीत असतात, तर दुसरीकडे लक्ष्मीनगरासारख्या वस्त्यांतून रिक्षाचालक, भाजीविक्रेते, घरकाम करणाऱ्या बाया राहतात. या दोहोंत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे खिशातला फोन. भाजीवाल्याची दिवसाची विक्री त्यावर जमा होते, पेन्शनचा निरोप त्यावर येतो, गॅसच्या नोंदणीचा आणि बँकेचा गुप्त आकडाही त्यावरच येतो. घराच्या कडीकोयंड्याइतके महत्त्व ज्या वस्तूला आले, तिच्या डागडुजीचा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा?

शुल्क भरूनही वाट पाहणे

प्रथम आपल्याच देशातले एक उदाहरण घेऊ. २०२२ सालच्या जुलैअखेर ५जी सेवेसाठी रेडिओलहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव सुरू झाला आणि १ ऑगस्टला संपला. सरकारच्या पदरी दीड लाख कोटी रुपयांवर रकमेच्या बोली पडल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते या सेवेचे उद्घाटन झाले. त्याआधी दोन वर्षे ‘५जी फोन’ म्हणून महागडे फोन लोकांनी विकत घेऊन ठेवले होते. आता नळाला पाणी आले, तोटी फिरवायचाच अवकाश, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात अनेकांच्या फोनवर ५जी उमटेचना. अ‍ॅपलच्या एकाही फोनवर ती सेवा सुरू झाली नाही. सॅमसंग व गूगल यांच्या कित्येक फोनांचीही तीच गत. यंत्रात क्षमता होती, हवेत लहरी होत्या, पण दोहोंची गाठ घालून देणारे अपडेट आले नव्हते.

ग्राहकांची तक्रार अशी की, सेवादार कंपनीकडे विचारावे तर ती म्हणे, फोन बनविणाऱ्याचे अपडेट यायचे आहे. फोन बनविणाऱ्याकडे जावे तर तो म्हणे, सेवादारांच्या जाळ्यावर चाचण्या चालू आहेत. अखेर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्र सरकारने दोन्ही पक्षांना बैठकीस बोलावले. सॅमसंगने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतची मुदत सांगितली. अ‍ॅपलचे अपडेट १३ डिसेंबर २०२२ रोजी आले. गूगलच्या फोनधारकांना जानेवारी २०२३ उजाडले. पुण्यात जिओची ५जी सेवा नोव्हेंबरातच सुरू झालेली होती. म्हणजे आपल्या शहरातील कित्येकांना वरातीमागून आलेले हे घोडे आठवत असेल.

साखळी चार हातांची

असे का व्हावे? अँड्रॉइड जातीच्या फोनचे अपडेट आपल्यापर्यंत पोहोचते ते चार हातांतून. पहिला हात गूगलचा. तो मूळ आज्ञावली लिहितो. दुसरा हात चिप बनविणाऱ्याचा, उदाहरणार्थ क्वालकॉम किंवा मीडियाटेक. त्याला ही आज्ञावली आपल्या चिपशी जुळवून द्यावी लागते. तिसरा हात फोन बनविणाऱ्याचा; प्रत्येक कंपनीने पडद्याचे रंगरूप आपापल्या परीने सजविलेले असते, ते सारे नव्या आज्ञावलीवर पुन्हा बसवावे लागते, आणि एका कंपनीचे पंचवीस-तीस नमुने बाजारात असतील तर ते काम प्रत्येकासाठी निराळे करावे लागते. चौथा हात मोबाइल सेवादाराचा. नवे सॉफ्टवेअर त्याच्या जाळ्यावर नीट चालते की नाही हे तो पाहतो. चारांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी पुढचे तिघे थांबतात. ग्राहकाला मात्र यांतला एकच हात दिसतो, तो म्हणजे दुकानदाराचा, आणि त्याचा या साखळीत कोठेच समावेश नाही!

आपल्याकडे फोन एका दुकानातून आणि सिमकार्ड दुसरीकडून घेण्याची रीत असल्यामुळे चौथ्या हाताचा जाच एरवी फारसा जाणवत नाही. अमेरिकेत स्थिती निराळी होती. तेथे फोन बहुधा सेवादार कंपनीच करारावर विकीत असे, त्यात स्वतःची अ‍ॅप घालीत असे आणि तिने मान्यता दिल्यावाचून अपडेट पुढे सरकत नसे. २०१२ सालच्या जुलैत गूगलने आपल्या गॅलेक्सी नेक्सस फोनसाठी अँड्रॉइडची नवी आवृत्ती दिली. पण तोच फोन व्हेरायझनकडून घेतलेल्यांना ती मिळायला सप्टेंबर उजाडला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०११ मध्ये, गूगलने बड्या सेवादारांना व फोन बनविणाऱ्यांना एकत्र आणून, नव्या फोनला १८ महिने अपडेट मिळत राहतील असे वचन जाहीर केले होते. ते मोडल्यास कोणी काय द्यावे हे कोठेही ठरलेले नव्हते. जे वचन मोडल्याने कोणाचेच काही जात नाही, त्याचे जे व्हायचे तेच याचेही झाले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सारा विलंब आळसाचाच असतो असे नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलने एक लहानसे अपडेट घाईने पाठविले, आणि ते घेणाऱ्या नव्या आयफोनांचा फोन करण्याचाच मार्ग बंद झाला. सुमारे तासाभरात कंपनीला ते मागे घ्यावे लागले. तोवर सुमारे चाळीस हजार फोनांना त्याची झळ लागली होती. मध्यरात्री घरात कोणी अत्यवस्थ असताना फोनने असा दगा दिला तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना करावी. २०२२ सालच्या प्रकरणातही अडचण अगदीच खोटी नव्हती. एअरटेलने आपली ५जी सेवा जुन्या ४जी व्यवस्थेच्या आधारावर उभी केली होती, तर जिओची रचना स्वतंत्र होती. एकाच फोनला दोन घरच्या दोन चालीरीती शिकवावयाच्या होत्या. तेव्हा चाचणीला काही काळ लागणार हे उघड आहे. आमचा आक्षेप चाचणीला नाही. चाचणी किती दिवस चालेल आणि तिची जबाबदारी कोणाची, हे ग्राहकाला सांगितले जात नाही, यावर आमचा आक्षेप आहे.

कोयंडा ढिला राहिला तर

५जी चार महिने उशिरा आले तर फार तर चित्रपट सावकाश उतरेल. त्याहून गंभीर प्रकार सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा आहे. कोणतीही मोठी आज्ञावली निर्दोष नसते; तीत फटी सापडतात, आणि त्या शोधणारे चोरही असतात. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची फट उघडकीस आली. केवळ एक चित्रसंदेश पाठवून परक्याच्या फोनात शिरकाव करता येईल अशी ती होती, आणि सुमारे ९५ कोटी फोनांना तिचा धोका आहे असा अंदाज वर्तविण्यात आला. गूगलने दुरुस्ती तयार केली. परंतु ती कोट्यवधी फोनांपर्यंत पोहोचविणे त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगल दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करू लागले. २०१७ साली चिपचा भाग मूळ आज्ञावलीपासून वेगळा काढण्यात आला, आणि २०१९ पासून काही भाग फोन बनविणाऱ्याची वाट न पाहता थेट पाठविण्याची सोय झाली. साखळी यामुळे आखूड झाली, पण तुटली नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हाच फट कोठे आहे हेही जगजाहीर होते. म्हणजे ज्याला दुरुस्ती मिळाली तो सुरक्षित. ज्याला मिळाली नाही, त्याच्या घराचे ढिले कुलूप कोणते, हे आता चोरालाही ठाऊक झाले. महाग फोन घेणाऱ्याला ही दुरुस्ती लवकर व अनेक वर्षे मिळते. गूगल व सॅमसंग यांनी अनुक्रमे २०२३ व २०२४ पासून आपल्या उंची फोनांना सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त फोन घेणाऱ्याला ती उशिरा मिळते आणि लवकर थांबते. ज्याच्या खात्यात थोडके पैसे आहेत आणि ते गेल्यास ज्याचा महिनाच कोसळतो, त्याच्याच दाराला कच्चे कुलूप, असा हा उफराटा प्रकार आहे.

येरवड्याच्या चरख्याची गोष्ट

वस्तू विकल्यानंतर ती किती वर्षे चालावी, याची अट आधीच घालता येते काय? येते, आणि याचा एक दाखला आपल्या येरवड्याच्या नावाशी जोडलेला आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत मिटवून नेता येईल अशा चरख्यावर पुष्कळ खटपट केली. तो पुढे येरवडा चक्र या नावाने ओळखला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते वेळच्या वेळी देखभाल केल्यास किमान २० वर्षे चालावे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या स्पर्धेसाठी आला होता. सर्व अटींना उतरणारे यंत्र न मिळाल्याने बक्षीस कोणालाच दिले गेले नाही.

बक्षीस दिले गेले नाही, पण त्या अटींमागील दृष्टी मोलाची आहे. यंत्र किती सूत काढते एवढ्यावरच परीक्षक थांबले नाहीत. झोपडीतल्या बाईच्या हाती गेल्यावर पुढची वीस वर्षे त्याचे काय होणार, हा प्रश्न त्यांनी विक्रीच्या आधी विचारला. फोन घेताना आपण कॅमेरा पाहतो, रंग पाहतो, हप्ता पाहतो; हा प्रश्न मात्र विचारीत नाही.

युरोपात तो आता कायद्याने विचारला जातो. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे बनविणाऱ्याने जाहीर करणे सक्तीचे झाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार एखादा नमुना बाजारात आणणे बंद केल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मिळत राहिली पाहिजेत. सुरक्षेच्या दुरुस्तीची मूळ आज्ञावली प्रसिद्ध झाल्यापासून ती ग्राहकापर्यंत पोहोचविण्यास चार महिन्यांची मुदत आहे. चार हातांनी आपापसांत काय ते ठरवावे. ग्राहकासमोर उत्तरदायी एकच, जो वस्तू बाजारात आणतो तो, असा हा रोखठोक व्यवहार आहे.

आपल्याकडे अशी मुदत घालणारा नियम नसला तरी आपण अगदी निराधार नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेला ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा, प्रमाण व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. फोन किती वर्षे सुरक्षित राहील, ही गोष्ट दर्जात मोडत नाही असे कोण म्हणेल? शिवाय ग्राहकांनी संघटित होण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ याच शहरातून उभी केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. मागणी आधी झाली, कायदा मागाहून आला, हा क्रम विसरू नये.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या अखेरच्या अपडेटची तारीख लिहिलेली असते. ती आज घरी गेल्यावर पाहावी, स्वतःच्या फोनवर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्याही. ती वर्षाहून जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. नवा फोन घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत : याला अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील, आणि ते कोठे लिहिले आहे? उत्तर तोंडी मिळाले तर ते बिलावर लिहून मागावे. वचन पाळले गेले नाही तर बिल जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. एका ग्राहकाने विचारले तर दुकानदार हसेल. दिवसातून दहा जणांनी विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि तो कंपनीला विचारील. साखळी चार हातांची असली, तरी तिला हिसका देण्याचे बळ पैसे मोजणाऱ्या पाचव्या हातात आहे.