चरकाभोवतीची संमेलने

घरातील लाटणे, मुलाचा भोवरा, पाळण्याचे नक्षीदार खूर या साऱ्या वस्तू कातारी चरकावर घडवितो, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानी असते? सुताराचे लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. कातकामात लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर धरावे लागते. ऐकण्यास हे सोपे आहे. परंतु फिरत्या लाकडाला धार कोणत्या कोनात भिडवावी, हे केवळ पुस्तक वाचून हाती येत नाही. त्यासाठी जाणत्याच्या शेजारी उभे राहावे लागते.

हे ओळखूनच पाश्चात्त्य कातारी संमेलने भरवितात. अमेरिकेत १९८६ साली त्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या वार्षिक संमेलनात निरनिराळ्या दालनांत निष्णात कारागीर चरक चालवून दाखवितात व प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देतात. एका दालनात नवशिक्याची ओबडधोबड वाटी उस्तादाच्या भांड्याशेजारी मांडलेली असते. हत्यारे विकणारेही तेथे येतात. परंतु पहिला मान शिकण्याला असतो.

याउलट, केवळ विक्रीसाठी शहरोशहरी फिरणारी हत्यारांची प्रदर्शने तिकडे ओसरत चालली आहेत. कारण उघड आहे. व्यापाऱ्याने वजनदार चरक वाहून न्यावा, जागेचे भाडे भरावे, नोकरांच्या मुक्कामाचा खर्च सोसावा. आणि गिऱ्हाइकाने वस्तू हाताळून, भाव विचारून घरी जावे व इंटरनेटवरून ती थोडी स्वस्तात मागवावी! असा व्यवहार किती दिवस टिकणार? यात गिऱ्हाइकाचेही नुकसान आहेच. हत्याराची मूठ हाताला बसते की नाही, हे चित्रावरून कळत नाही.

आपल्या देशात चित्र निराळे आहे. सावंतवाडीची लाकडी फळे, कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आणि आपल्याच मध्य प्रदेशातील बुधनीची खेळणी प्रसिद्ध आहेत. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याचे पान घासून झळाळी आणतात. अशा कारागिरांना सूरजकुंडचा मेळा १९८७ पासून आणि दिल्ली हाट १९९४ पासून बाजारपेठ देत आले आहेत. महामारीच्या काळात, २०२१ साली, भारत खेळणी मेळाही घरबसल्या पडद्यावर भरविण्यात आला. माल पडद्यावर दिसला. पण बोटांखाली लाकूड कसे थरथरते, हे पडद्याने कसे सांगावे?

तथापि आमच्या मते खरी उणीव निराळीच आहे. आपल्याकडे कारागिराला मंडप मिळतो तो विकण्यासाठी. दिवसभर तो गिऱ्हाइकाची वाट पाहतो. शेजारच्या प्रांतातील कातारी धार कशी लावतो, हे पाहण्यास त्याला उसंत नसते. विक्री न झाल्यास तो रिकाम्या हाताने परततो, आणि रिकाम्या मनानेही. बाप असा परतू लागला, की मुलगा चरकाकडे पाठ फिरवितो. एकदा ती साखळी तुटली, की पैसा ओतूनही ती सहज सांधता येत नाही. म्हणून विक्रीच्या मेळ्यांबरोबर, किंबहुना त्यांच्याआधी, शिकण्याची संमेलने हवीत. सावंतवाडीकर, चन्नपट्टणकर आणि बुधनीकर एका चरकाभोवती बसावयास हवेत.

हे मोठ्यांचे काम झाले; आपल्या हाती काय आहे? सावरगावकरांनी पांढुर्ण्याला गाडीत बसावे. इटारसीच्या पुढे नर्मदेचा पूल ओलांडला की बुधनी येते. भोपाळला जाताना एखाद्या वेळी मुलांना घेऊन तेथे उतरावे. खेळणे विकत घ्यावेच. पण ते घडते कसे, हे मुलांना निवांत पाहू द्यावे. शाळेच्या वार्षिक संमेलनात नाचगाण्याशेजारी एखाद्या कातारीला मानाने बोलवावे, त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि मुलांना त्याच्याभोवती बसवावे. गिऱ्हाईक कारागिराला आजची भाकर देते. पाहणारे मूल त्याच्या कलेला उद्याचा दिवस देते.