मसुदा यंत्राचा, रुजुवात आपली

मराठेशाहीच्या कारभारात राजपत्राचा मजकूर सिद्ध करण्याचे काम चिटणिसाकडे असे; परंतु त्याच्या लेखणीतून कितीही सुबक अक्षर आणि कितीही नेटकी वाक्ये उतरली, तरी तेवढ्याने ते पत्र सरकारी ठरत नसे. सुरनिसाने मजकूर नजरेखालून घालून अधिक-उणे दुरुस्त करावे, दप्तरी नोंद होऊन त्यावर 'बार' पडावा, आणि शेवटी मोर्तब उमटून त्यापुढे कोणासही एक अक्षर वाढवता येऊ नये, अशी ती शिस्त होती. लिहिणारा हात निराळा आणि लिहिलेल्याची जोखीम पत्करणारा हात निराळा, ही जी विभागणी आपल्या पूर्वजांनी कारभाराच्या अनुभवातून बसवली, तिची आठवण आज घराघरांत व्हावयास हवी. कारण अहोरात्र न थकणारा आणि वेतन न मागणारा एक चिटणीस आता ज्याच्या त्याच्या खिशात येऊन बसला आहे, मात्र सुरनिसाची जागा बहुतेक ठिकाणी रिकामीच आहे.

या चिटणिसाची घडण समजून घेतल्याखेरीज त्याच्याशी वागावे कसे, हे कळणार नाही. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या संज्ञेचा मूळ इंग्रजी शब्दप्रयोग जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका परिषदेच्या प्रस्तावात योजला. परंतु आज आपण ज्याच्याशी बोलतो, त्या यंत्राची रचना २०१७ साली गूगलमधील संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीवर उभी आहे, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांस खुले झाल्यावर ती सामान्य माणसाच्या हाती आली. अफाट मजकूर पचवून, पुढे कोणता शब्दांश येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधणे हे तिचे मूळ कार्य होय. त्यामुळे वाक्य शोभते की नाही, हे तिला उत्तम उमगते. ते खरे आहे की नाही, याची कसोटी मात्र त्या घडणीत आपोआप येत नाही. जिथे माहिती अपुरी असते, तिथे जाणता माणूस अडखळतो. यंत्र पुष्कळदा त्याच ओघवत्या भाषेत पुढे जाते, आणि तो ओघच वाचणाऱ्याला विश्वासार्ह वाटू लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. पण यंत्राला वाचावयास मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा, आणि म्हणून आपल्या मुलखातील नियम, रीती व व्यवहार यांविषयी त्याचे ज्ञान अधिक विरळ.

एक नित्याचा प्रसंग घेऊ. गावातील रस्त्यावर ग्रामपंचायतीने किती खर्च केला, हे जाणण्यासाठी एखाद्या गृहस्थाने माहितीच्या अधिकाराचा अर्ज यंत्राकडून लिहवून घेतला, असे समजा. क्षणार्धात दोन पानांचा, विनयशील आणि कायद्याच्या भाषेने मंडित असा मसुदा समोर येईल. त्यात रस्ता निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण, असे प्रश्न असतील; शिवाय पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीचीही चौकशी सोयीस्करपणे जोडलेली असेल. वाचताना मन प्रसन्न व्हावे असा हा अर्ज कचेरीत टिकणे मात्र कठीण. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अर्ज सर्वसाधारणपणे एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या मर्यादेत असावा, असे ठरवले आहे. आणि २००५ च्या अधिनियमाने मिळतो तो अभिलेखात असलेल्या माहितीचा अधिकार, अधिकाऱ्याच्या मताचा अथवा कारणमीमांसेचा नव्हे. ज्याने पूर्वी असे अर्ज केले आहेत, तो 'का' विचारीतच नाही. तो अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयके यांच्या नकला मागतो, दहा रुपयांचे शुल्क भरतो, आणि तीस दिवसांची मुदत दिनदर्शिकेवर टिपून ठेवतो. हे ज्ञान असलेल्या माणसाने यंत्राला नेमक्या याच चार कागदांचा, एकाच विषयाचा, दीडशे शब्दांतला अर्ज लिहावयास सांगितला, तर तेच यंत्र सुरेख काम करून देते, आणि ज्याला आजवर शब्द जुळवताना घाम फुटत असे त्याचीही कैफियत आता व्यवस्थित मांडली जाते. हा लाभ लहान नाही. अर्जनविसापुढे तासन्‌तास तिष्ठणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तर तो फारच मोठा आहे, आणि म्हणूनच या साधनाकडे पाठ फिरवा, असा उपदेश मला अन्यायाचा वाटतो.

पण रुजुवातीचा आळस काय करू शकतो, याचा दाखला न्यायालयांच्या दप्तरी आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरांचा दंड ओढवून घेतला. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानेही प्राप्तिकराची एक आकारणी रद्द केली. तिच्यात आधार म्हणून दिलेले निवाडे कोठेही सापडत नव्हते, आणि यंत्राने पुढे केलेले निष्कर्ष पडताळून पाहिल्याविना वापरता येणार नाहीत, असे न्यायालयाने बजावले. करदात्याच्या माथी जिचा बोजा पडतो, त्या आकारणीचा आधारच हवेत असावा, ही गोष्ट मला त्या विदेशी खटल्याहून अधिक अस्वस्थ करते.

पडताळणी करा, असे सांगणे सोपे. पण ती करण्याची शक्ती कोठून यावयाची? लिझॅन बेनब्रिज या विदुषीने १९८३ साली कारखान्यांतील स्वयंचलनाविषयी लिहिलेल्या एका निबंधात या प्रश्नाचे मर्म हेरले होते. यंत्र नेहमीची कामे करू लागले की माणसाच्या हातचा सराव सुटतो, आणि नेमक्या कठीण प्रसंगी मात्र त्याच सराव सुटलेल्या माणसाने पुढे व्हावे, अशी अपेक्षा केली जाते. शिवाय जे क्वचितच चुकते, त्यावर सतत सावध नजर ठेवणे मनुष्यस्वभावाला फार काळ साधत नाही. म्हणून विद्यार्थ्याने पहिला मसुदा स्वतः लिहावा व नंतर यंत्राला दाखवावा, हा क्रम मी आग्रहाने सुचवीन. आणि नोकरदारानेही महत्त्वाच्या पत्रातील तारीख, रक्कम, कलम व नाव ही चार स्थळे मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावाचून सही करू नये. आधार क्रमांक, आजाराचे अहवाल, खात्याचा तपशील असा खाजगी ऐवज तर या परक्या चिटणिसाच्या हवाली करूच नये.

या साऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण मोडी लिपीचे आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ साली मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी एक प्रणाली मांडली आणि तिच्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन हस्तलिखितांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा सिद्ध केल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरातील, कागद बांधून ठेवलेल्या रुमालांचे ढीग पाहता अशा साह्याखेरीज ते कागद वाचून होणे अवघडच आहे. परंतु 'सलास खमसैन मया व अलफ' असा अरबी शब्दांतला सुहूर सन आला, की तो ११५३, म्हणजे इसवी सन १७५२-५३, हा हिशेब बोटांवर करून, यंत्राने 'सलास'च्या (तीन) जागी 'समान' (आठ) वाचले नाही ना, हे पाहणारा जाणकार पाहिजेच. त्या एका शब्दाने पाच वर्षांचे अंतर पडते, आणि वतनाच्या कज्ज्यात पाच वर्षांत धनी बदलतो. असे मोडीवाचक आज थोडे आहेत, त्यांतले पुष्कळ वृद्ध आहेत. यंत्र आले म्हणून मोडीचे वर्ग आता अनावश्यक झाले, असे कोणी म्हणू लागण्यापूर्वीच विद्यापीठांनी व पुराभिलेख खात्याने ते वाढवावेत, तरुण वाचकांना वेतन देऊन दप्तरात बसवावे, आणि यंत्राने उतरवलेल्या प्रत्येक कागदावर रुजुवात करणाऱ्याचे नाव नोंदवण्याचा दंडक घालावा.