पाय उचलला

प्राणीगृहात येताना अत्तर नको, सुगंधी तेल नको, गजराही नको. सकाळी साडेसातला धुतलेला कोट चढवून मी आत शिरते, तेव्हा नाकाला फक्त भाताच्या तुसाचा आणि उंदरांचा वास येतो. मोजणी चालू असेपर्यंत पुरुष सहकारी या खोलीत पाऊल टाकत नाहीत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली दाखवून दिलं, की पुरुष जवळ असला, इतकंच काय, त्याच्या अंगातून उतरलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि त्या ताणाखाली त्यांचं दुखणं काही वेळ दबून जातं. म्हणजे औषध दिलेलंच नाही आणि उंदीर बरा दिसतो! म्हणून आमच्याकडे एका प्रयोगातल्या सगळ्या मोजण्या एकाच व्यक्तीनं करायच्या असा दंडक आहे. या प्रयोगात ती व्यक्ती मी.

टेबलावर उंच चौकटीत तारेची जाळी बसवलेली आहे. जाळीवर पारदर्शक कप्पे, एका कप्प्यात एक उंदीर. ठेवल्याबरोबर काम सुरू करता येत नाही. आधी ते चारी कोपरे हुंगतात, मागच्या पायांवर उभे राहून झाकण तपासतात, मिशा साफ करतात. तासाभरानं एकेक जण शांत बसतो. मग मी जाळीखाली मान घालते आणि नायलॉनचा एक बारीक तंतू खालून त्याच्या मागच्या तळव्याच्या मध्यावर टेकवून, तो जरासा वाकेपर्यंत दाबते. ठरावीक जोर लागला की प्रत्येक तंतू वाकतोच. सगळ्यात नाजूक तंतू ग्रॅमच्या काही शतांश वजनाला वाकतो, जाड तंतू एक-दीड ग्रॅमला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं हे काम खऱ्या केसांनी केलं होतं. आता केस नायलॉनचा आहे, पण साधनाला नाव त्याचंच.

दोन-तीन सेकंद. उंदरानं पाय झटकला, उचलून धरला किंवा चाटला, तर नोंदवायचं ‘हो’. त्याच वेळी तो सहज चालायला लागला असेल तर ते धरायचं नाही, थोडं थांबून पुन्हा टेकवायचं. ‘हो’ आलं की पुढचा तंतू बारीक, ‘नाही’ आलं की जाड. असं खाली-वर करत त्याला कुठल्या जोराला सोसवत नाही ते शोधायचं. कुठल्या उंदराला आम्ही तपासत असलेलं वेदनाशामक संयुग दिलंय आणि कुठल्याला नुसतं सलाईन, हे मला माहीत नसतं. ती यादी सहकाऱ्याच्या कुलपात. चोवीस उंदीर संपेपर्यंत दुपार होते आणि मानेला रग लागलेली असते.

हे उंदीर जखमी नाहीत. त्यांना दिवसाआड चार वेळा पॅक्लिटॅक्सेल टोचलेलं आहे, माणसांच्या केमोथेरपीत देतात तेच. माझ्या आत्याला स्तनाच्या कर्करोगासाठी ते दिलं होतं. तिसऱ्या केमोनंतर मी भेटायला गेले तर म्हणाली, “अगं, जरा केर काढ बाई. पायाखाली सगळी वाळू झालीय.” मी झाडू घेतला. फरशी लख्ख होती. रात्री तिनं पायावरची चादर लाथेनं दूर केली. थंडीचे दिवस होते. “लागली की भगभग होते,” एवढंच बोलली.

पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं हे औषध पेशीतल्या सूक्ष्म नलिका गोठवून टाकतं. त्यामुळे कर्करोगाच्या पेशीला दुभंगता येत नाही आणि ती मरते. पण मज्जातंतूंच्या आत याच नलिका रुळांसारख्या टाकलेल्या असतात आणि त्यांच्यावरून रसद जाते. कमरेजवळून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. रसद तुटली की सगळ्यात आधी उपासमार होते ती शेवटच्या टोकाची. म्हणून हा त्रास पायाच्या बोटांत सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो, मग हाताची बोटं. तंतू नुसते मुके होत नाहीत. काही उगाचच पेटून उठतात आणि कापसासारख्या स्पर्शालाही आग म्हणून कळवतात.

आपल्या भाषेनं हे भेद फार पूर्वी ओळखलेत, असं मला काम करताना वारंवार जाणवतं. उंबऱ्याला अंगठा ठेचला की आधी सणक येते, मग क्षणभर श्वास रोखून आपण जिची वाट बघतो ती कळ येते. सणक आणणारे मज्जातंतू जाडसर, चरबीचं वेष्टण असलेले. त्यांच्यातून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर धावतो. कळ आणणारे तंतू उघडे आणि बारीक, त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर. मधली ती पोकळी म्हणजे या दोघांच्या चालीतला फरक. मिरची ‘झोंबते’ आणि मग तोंड ‘भाजतं’, यातही काव्य नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या प्रथिनाचं दार उघडतं, तेच दार साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये ते शोधलं आणि 2021 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. मग कंपन्या ते दार बंद करणाऱ्या औषधांमागे लागल्या. उंदरांत दुखणं थांबलं. माणसांत ताप चढला, कारण तेच प्रथिन शरीराचं तापमान सांभाळण्यातही भाग घेतं.

रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली रुग्णांसाठी वेदनेची प्रश्नावली तयार केली, तिच्यात 78 शब्द आहेत. ठणका, ठसठस, चमक, शिणक, टोचणी यांसारखे. माझ्या उंदराकडे शब्द एकच: पाय उचलला.

आणि तो एक शब्दही फसवतो. गेल्या प्रयोगात सहकाऱ्यानं यादी उघडली तेव्हा आमच्या संयुगाच्या मोठ्या मात्रेचे आकडे बघून आम्ही दोघंही उभे राहिलो होतो. जाड तंतूलाही उंदीर पाय उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच मात्रेचे उंदीर फिरत्या दांड्यावर ठेवले. धडधाकट उंदीर त्यावर तोल सांभाळत मिनिटंच्या मिनिटं चालतो. हे टपाटप खाली पडले. त्यांचं दुखणं थांबलं नव्हतं, त्यांना गुंगी आली होती. झोपाळलेला प्राणी पाय उचलत नाही. वहीत मी तसंच लिहिलं आणि ती मात्रा बाद केली. आठ महिन्यांचं काम होतं. पण ती तपासणी गाळून निबंध छापला असता तर कुणीतरी पुढची काही वर्षं त्यावर घालवली असती, आणखी किती उंदीर मारले असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि किती प्राणी वापरणार याचा हिशेब आधी द्यावा लागतो. हा हिशेब मला कधीही जाचक वाटलेला नाही.

या क्षेत्रात यश अगदीच नाही असं नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन या वेदनाशामक औषधाला मान्यता मिळाली. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंमधल्या एका सोडियम-दारालाच ते अडवतं, मेंदूवर काम करत नाही, त्यामुळे अफूच्या जातीच्या औषधांसारखी चटक लागण्याचं भय त्यात नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या ताज्या दुखण्यात ते उपयोगी पडलं. कमरेतून पायात उतरणाऱ्या जुन्या दुखण्याच्या चाचणीत मात्र औषध घेतलेल्यांना आणि खोटी गोळी घेतलेल्यांना सारखाच आराम पडला. सणकेचं औषध मिळतंय, भगभगीचं अजून हाती लागत नाही. केमोमुळे होणाऱ्या या त्रासावर आजघडीला ठामपणे सुचवावं असं एकच औषध आहे, डुलोक्सेटीन, मूळचं नैराश्यावरचं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यानं आराम दिला, पण बेताचाच.

आत्यानं ते घेतलं, पण फार उशिरा. डॉक्टर दर वेळी विचारायचे आणि ती दर वेळी “बरं आहे” म्हणायची. त्यांना कशाला त्रास, केमो थांबवली तर काय, आणि बाईमाणसानं एवढंही सोसू नये का, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. मी रोज जाळीखाली मान घालून ज्याचा अंदाज घेते ते तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. वेळेवर कळलं तर डॉक्टर पॅक्लिटॅक्सेलची मात्रा कमी करू शकतात, दोन केमोंमधलं अंतर वाढवू शकतात. तंतू एकदा सुकले की काहींचा त्रास वर्षानुवर्षं राहतो. आत्या अजून घरातही जाड मोजे घालून चालते.

तुमच्या घरात कुणाची केमो चालू असेल तर आज रात्री त्यांच्या पायाशी बसा आणि विचारा, चादर लागते का. उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या केमोच्या आधी ते डॉक्टरांना सांगा.